दोन दिवसांत तैलचित्र होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘दोन दिवसांत तैलचित्र शिका’ अशा शनिवार-रविवारच्या वर्गांच्या जाहिराती मुंबईत सतत दिसतात. जुन्या उस्तादांची नक्कल करून शिकण्याला आमची हरकत नाही. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते, त्याला कुणी चोरी म्हणत नाही. हरकत आहे ती घाईला.

फ्रेंच चित्रकार मिलेचं ‘द ग्लीनर्स’ (१८५७) घ्या. कापणी झालेल्या शेतात सरवा वेचणाऱ्या तीन बायका. मूळ चित्र साधारण ८४ बाय १११ सेंटिमीटरचं, म्हणजे १८ बाय २४ इंची तयार कॅनव्हासवर जवळजवळ त्याच प्रमाणात बसतं. तीन इंचांचे चौकोन पाडले की आडवे आठ, उभे सहा. रेखाटन कोळशाने करून फडक्याने झटकावं आणि उरलेली पुसट रेघ पातळ रॉ अंबरने (तपकिरी मातीरंगाने) पक्की करावी. कोळसा तसाच राहिला तर वरचा पिवळा हिरवट, मळका होतो. संदर्भासाठी छापील प्रत बरी. मोबाइलच्या प्रकाशात सावल्या आहेत त्यापेक्षा उजळ दिसतात.

पुढची चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यावर जरा थांबायला हवं. आधी आकाश आणि शेत पूर्ण रंगवायचं, ते वाळलं की बायका ‘बसवायच्या’. मग त्या कापून चिकटवल्यासारख्या दिसतात. मिलेच्या चित्रात मागची गाडी, गंजी, माणसं फिकट सोनेरी धुळीत विरघळलेली आहेत; गडद-उजेडाचा खरा फरक पुढच्या तिघींपुरताच राखून ठेवला आहे. तिरपा उजेड त्यांच्या पाठी, खांदे, माना आणि हात पकडतो, चेहरे सावलीत राहतात. म्हणून रॉ अंबर आणि टर्पेंटाइनचा एकरंगी थर सबंध कॅनव्हासवर एकदमच द्यावा, डोळे किलकिले करून गडद-फिकट तपासावं आणि रंगाच्या थरातही आकृतीची कड व तिच्यालगतची जमीन ओली असतानाच एकमेकींत सरकवावी. हातांना तयार ‘फ्लेश टिंट’ (ट्यूबमधला त्वचेचा रंग) लावू नये. यलो ऑकर, लाइट रेड, पांढरा आणि किंचित अल्ट्रामरीन पुरतो.

आता वाळण्याचं. तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. अंबरमधल्या मँगनीजमुळे तो पातळ थर एक-दोन दिवसांत वाळतो. टिटॅनियम व्हाइट आणि आयव्हरी ब्लॅक आठवडा सहज घेतात, पावसाळ्यात बंद खोलीत त्याहून जास्त. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, हा क्रम उलटला की खालचा थर मागाहून हलतो आणि वरच्याला तडे जातात. दोन दिवसांत उरकणारे नेमकं हेच करतात आणि तडे घरी गेल्यावर पडतात! वर्ग सलग न घेता पाच-सहा रविवारी घ्यावेत, एवढीच आयोजकांना विनंती.

सामानाचंही सांगायला हवं. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ जवसाचं तेल चित्राला नको. त्यात सुकवणारी द्रव्यं असतात आणि ते काळवंडतं. टर्पेंटाइनचा थेंब कागदावर टाकावा. उडून गेल्यावर डाग राहिला तर ते घेऊ नये. कॅनव्हास ओलसर भिंतीला टेकवून ठेवला तर मागून बुरशी धरते. सर्वात महत्त्वाचं, जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून डब्यात कोंबू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. चाळीतल्या किंवा वन-रूम-किचनच्या घरात तर त्या पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच टाकाव्यात. हे वर्गात पहिल्याच तासाला सांगितलं जावं.

व्हार्निश सहा महिन्यांनी, तेही पावसाळा सोडून. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. कॅनव्हासच्या मागे ‘मिलेवरून’ असं लिहून तारीख टाकावी.

आपले,
चित्रकला शिकवणारे काही वाचक, दादर, मुंबई