पालच्या डोंगरावरच्या दादा-ताईंचे आभार

मागच्या रविवारी जळगावहून आम्ही ३५ जण रावेर तालुक्यातल्या पाल गावाकडच्या एका डोंगरावर गेलो होतो. वर्गणीतून घेतलेली अंजन, मोह, आवळ्याची ३०० रोपं लावायची, श्रमदान करायचं आणि मग सातपुड्यात जरा भटकायचं, असा बेत. ग्रामसभेची परवानगी होतीच. पायथ्याशी टेम्पो रुतला. काळी माती ती, ढकलावं तितकी चाकं खोल!

शेतातून पाच-सहा पावरा आदिवासी दादा-ताई धावत आले. चाकांखाली तुराट्या कोंबूनही टेम्पो हलेना, तेव्हा टोपल्यांत रोपं भरून तेच चढाला लागले. आम्ही महागडे बूट घालून मागं.

वर आम्ही खणलेले चर पाहून एक बाबा हसले. चर उताराला तिरके गेले होते. पाणी मुरायच्या ऐवजी माती घेऊन वाहिलं असतं. त्यांनी घरून पारदर्शक नळी आणवली, पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवली आणि समतल रेष आखून दिली.

पिशवी फाटलेलं मोहाचं एक रोप मी टाकून दिलं होतं. एका ताईंनी ते उचललं, मुळांभोवती ओली माती दाबली, पळसाच्या पानात गुंडाळून बांधलं. ‘लागेल हे,’ एवढंच म्हणाल्या.

दुपारी भाकरी आणि लसणाची चटणीही त्यांचीच. पैसे काढले तर बाबा रागावलेच. नावं विचारायचीही राहिली, लाज वाटते.

ताई, ते रोप वरच्या चराच्या टोकाला लावलंय. दिवाळीनंतर पाणी घालायला येऊ. टेम्पो रस्त्यावरच ठेवू.