लावलेलं मोजणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर डुगाँगची, म्हणजे समुद्रगायीची बातमी होती, फोटो पण छान होता, आणि खाली लिहिलं होतं की हा प्राणी समुद्रातलं शेवाळ खाऊन जगतो. मी गेली २१ वर्षं उपनगरातल्या एका ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितेय. ते शेवाळ नाही हो, ते सीग्रास आहे, मराठीत समुद्रगवत म्हणा. शेवाळाला खरी मुळं नसतात, फूल नसतं, ते बहुतेक वेळा दगडाला धरून राहतं. समुद्रगवताला मुळं असतात, पानं असतात, आणि वाळूत किंवा चिखलात आडवं पसरत जाणारं खोड असतं, जमिनीखाली हळद कशी फुटत जाते तसं. त्याला फुलं येतात, बहुतेक जातींत परागण पाण्याखालीच होतं आणि बी पण तिथेच धरतं. याचे पूर्वज जमिनीवरची झाडं होती, ती कोट्यवधी वर्षांपूर्वी परत समुद्रात गेली, त्यांचं हे कुळ. जगभरात मिळून याच्या जेमतेम ७० जाती आहेत. डुगाँग दिवसाला ३०-४० किलो हेच गवत खातो, ते गेलं की डुगाँग गेला.

एका शब्दावरून एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण शेवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं, टाकीतलं हिरवं, घासून काढायचं काहीतरी. आणि सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांना आवर घालणाऱ्या नियमात तर कांदळवन, प्रवाळ, कासवांच्या अंडी घालायच्या जागा यांच्या बरोबरीने समुद्रगवताचे पट्टे पहिल्या, सगळ्यात कडक वर्गात आहेत. पण ते कुठे आहेत हे नकाशावर असेल तरच तो नियम कामाला येतो ना. जे गवत कुणी ओळखतच नाही ते नकाशावर कोण टाकणार?

जगाच्या समुद्रतळापैकी ०.२ टक्क्यांहून कमी जागेत हे गवत आहे, पण समुद्र दरवर्षी जेवढा कार्बन तळात गाडून टाकतो त्यातला साधारण १० टक्के या गवताच्या खालच्या गाळात जातो. आणि २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या जुन्या-नव्या नोंदी एकत्र करून दाखवलं की १८७९ पासून नोंद असलेल्या क्षेत्रातलं २९ टक्के गवत नाहीसं झालंय आणि १९९० नंतर तो वेग आणखी वाढलाय. भारतात सगळं मिळून ५१६ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढं होतं त्याहूनही कमी. त्यातलं मोठं क्षेत्र तमिळनाडूकडे पाल्कच्या उपसागरात आणि मन्नारच्या आखातात, बाकी अंदमान, लक्षद्वीप, चिल्का, कच्छचं आखात. पाल्कच्या उपसागरात तर २०२२ मध्ये ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, तुमची बातमी तिथलीच होती.

आता तुम्ही म्हणाल की मुंबईच्या वाचकाला याचं काय. मुंबईच्या किनाऱ्याला समुद्रगवताची कुरणं नाहीत हे खरंय, या गवताला तळापर्यंत ऊन पोचावं लागतं, वर पडणाऱ्या उजेडाचा दहावा हिस्सा तरी खाली हवा, आणि आपलं पाणी किती गढूळ आहे ते गिरगाव चौपाटीवर गुडघाभर पाण्यात उभं राहून खाली स्वतःचे पाय शोधले की कळतं. पण कोकणातल्या खाड्यांमध्ये हॅलोफिला बेक्कारी नावाची जात आहे, गोव्यात पण आहे, आणि ती जगाच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. आपल्याच राज्यात आहे आणि कुणाला माहीत नाही.

मी ती पहिल्यांदा बघितली ती मामाच्या गावी, मालवण तालुक्यात, दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात. अमावास्येची ओहोटी होती, खाडी खूप आत गेली होती, आणि तिवरांच्या, म्हणजे कांदळवनाच्या पुढे जो उघडा चिखल राहतो तिथे मला हिरवट सावली पडल्यासारखी दिसली. जवळ जाऊन ओणवी झाले तर नखाएवढी पानं, सात-आठ पानांचा एकेक झुबका, खाली दोऱ्यासारखं खोड एका झुबक्यापासून दुसऱ्यापर्यंत चिखलातून गेलेलं. एक झुबका बोटाने हलकेच उचलून बघितला तर मागचे तीन-चार त्याच्याबरोबर ओढले जायला लागले, म्हणून लगेच सोडून दिला. वर्गात फळ्यावर इतकी वर्षं काढत होते ते असं पायाखाली. मामाला विचारलं तर तो म्हणाला, ‘तां होय? तां खाडयेतला गवात. त्याका कोण इचारता!’ आणि मग थोडं थांबून, ‘आमी ल्हान होतंव तेव्हा ह्या गवतात बारकी सुंगटां खूप गावत.’ सुंगटं म्हणजे कोळंबी. जगभरचे शास्त्रज्ञ जे म्हणतात की हे गवत म्हणजे माशांच्या आणि कोळंबीच्या पिल्लांची पाळणाघरं आहेत, तेच मामा सांगत होता, फक्त त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं.

पत्र लिहायचं खरं कारण आता सांगते. ज्या उघड्या चिखलात हे गवत वाढतं तो चिखल बाहेरून आलेल्या माणसाला रिकामी जागा वाटतो. आणि रिकामी जागा दिसली की आपल्याकडे आता कांदळवन लावायची घाई असते. फिलिपाइन्समध्ये हे झालेलं आहे, तिथे वर्षानुवर्षं चिखलपट्ट्यांवर आणि समुद्रगवतावर कांदळाची रोपं लावली गेली, रोपं बहुतेक मेली, आणि जिथे गवत होतं तिथे त्याचंही नुकसान झालं. मी कांदळवनाच्या विरोधात नाही, मुंबई तर त्याच्याच आधारावर उभी आहे. पण चुकीच्या जागी लावलेलं झाड दोन्हीकडून नुकसान करतं.

मी स्वतः यात सामील झालेली आहे म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने ठाण्याच्या खाडीकाठी कांदळ लावायचा कार्यक्रम ठेवला होता, मी वर्गातली ४० मुलं घेऊन गेले. मुलांना टी-शर्ट मिळाले, टोप्या मिळाल्या, मुलं मनापासून राबली, चिखलात मांडीपर्यंत रुतत होती तरी एकेक रोप सरळ बसवत होती, प्रत्येक रोपाला आधाराला बांबूची काठी. एक वर्षानंतर मुलांनीच हट्ट धरला की बघून येऊ. गेलो तर काठ्या होत्या. काठ्यांच्या रांगा तशाच सरळ, प्रत्येक काठीला प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या, आणि रोपं आम्ही मोजली ती जिवंत अशी ११. शेकड्यांनी लावली होती. आयोजकांना फोन केला, मेल केला, किती जगली याची काही नोंद आहे का विचारलं, तर उत्तर आलं की ‘मॅडम आपला प्रोजेक्ट लागवडीचा होता.’ एक मुलगी परतताना ट्रेनमध्ये एक शब्द बोलली नाही. तिला काय सांगणार होते मी?

म्हणजे लावायला बजेट असतं आणि मोजायला नसतं, आणि समुद्रगवताच्या बाबतीत तर मोजल्याशिवाय काहीच हाताला लागत नाही. जगभरात समुद्रगवत लावायचे जे प्रयत्न झाले त्यातले १७८६ प्रयत्न एकत्र करून एक मोठा अभ्यास २०१६ च्या सुमाराला झाला, त्यात लागवड जगण्याचं प्रमाण साधारण ३७ टक्के निघालं. पण त्याच अभ्यासात हेही निघालं की जिथे मूळ त्रास आधी दूर केला, म्हणजे पाणी स्वच्छ झालं, आणि जिथे लागवड खूप मोठ्या प्रमाणावर केली, तिथे निकाल चांगले आले. अपयश पण लिहून ठेवलेलं होतं म्हणून हे कळलं, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या जागी पहिल्यापासून चुका करत बसला असता.

अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या उथळ खाड्यांचं उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगते. तिथलं ईलग्रास नावाचं समुद्रगवत १९३० च्या सुमाराला एका रोगाने खंगलं आणि १९३३ च्या वादळाने उरलंसुरलं धुऊन नेलं. त्याच्याबरोबर तिथली स्कॅलप ही शिंपली गेली, तो धंदाच बसला. पुढची ६०-७० वर्षं त्या खाड्या रिकाम्या. पाणी मात्र स्वच्छ होतं, नव्हतं ते बी. मग रॉबर्ट ऑर्थ हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण २००० च्या आसपास काम सुरू केलं, वसंतात बी धरलेल्या काड्या हाताने गोळा करायच्या, उन्हाळाभर टाक्यांमध्ये ठेवायच्या, बी खाली पडलं की ते वेगळं करायचं आणि शरद ऋतूत होडीतून पाण्यात फेकायचं, आपल्याकडे शेतात बी फोकतात ना तसं. असं २० वर्षं. ७ कोटींच्या वर बिया टाकल्या. आज तिथे साडेतीन हजार हेक्टरांहून जास्त गवत आहे, आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कचा साधारण तिसरा हिस्सा. आणि पेरणीइतकंच काम मोजण्याचं झालं, विमानातून फोटो, पाण्यात उतरून नोंदी, मासे किती आले, तळात कार्बन किती साठला, सगळं.

लक्षद्वीपचं तर आणखी शिकण्यासारखं आहे. अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात, संरक्षणामुळे हिरवी कासवं इतकी वाढली की त्यांनी समुद्रगवत खाऊन खाऊन पार खुरटं करून टाकलं, गवतातले मासे कमी झाले, आणि तिथले मच्छीमार कासवांवर चिडायला लागले. संशोधक तिथे वर्षानुवर्षं जाऊन गवताची उंची, दाटी, मासे, कासवं मोजत होते म्हणून हे समजलं. नाहीतर मच्छीमारांचं म्हणणं खोटं ठरवून सगळे मोकळे झाले असते. कासव वाचवलं म्हणजे सगळं झालं असं होत नाही, गवत आणि कासव दोन्ही बघावी लागतात, आणि मच्छीमाराला पण ऐकावं लागतं.

मोजणं हे काही रॉकेट उडवणं नाही. ऑस्ट्रेलियात १९९८ मध्ये सीग्रास-वॉच नावाचा उपक्रम सुरू झाला, त्यात साधी माणसं पण मोजतात. किनाऱ्यावर ५० मीटरच्या तीन टेप २५-२५ मीटर अंतराने समांतर टाकायच्या, प्रत्येक टेपवर दर ५ मीटरला अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट ठेवायची, चौकटीत किती टक्के गवत आहे, कोणत्या जातीचं, पान किती लांब, हे लिहायचं. एकूण ३३ चौकटी. परत काही महिन्यांनी त्याच जागी तेच. बस.

मी माझ्या मुलांना हे हाजी अलीच्या बाजूच्या खडकांवर करून बघायला लावलं, तिथे गवत नाही पण शेवाळ आहे, सरावाला चालतं. हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणले, चार कोपरे लावले, झाली चौकट. पहिल्या दिवशी एकाच चौकटीकडे बघून एका मुलाने लिहिलं ४० टक्के आणि त्याच्या शेजारच्या मुलीने ७०. दोघं भांडायला लागली. मग मी त्यांना नमुन्याचे फोटो दिले, हे ५ टक्के, हे ३०, हे ६५, असे, ते कागद प्लास्टिकच्या कव्हरात घालून शेजारी धरायचे आणि मग आकडा लिहायचा. तिसऱ्या ओहोटीपर्यंत दोघांच्या आकड्यात पाचाचा फरक राहिला. इतकं सोपं आहे, फक्त परत परत जावं लागतं.

सॅटेलाइटने करू म्हणणारे पण भेटतात. स्वच्छ पाण्यात होतं ते, लक्षद्वीपमध्ये छान होतं. पण आपल्या खाड्यांच्या गढूळ पाण्यात वरून काही दिसत नाही, आणि सॅटेलाइटच्या फोटोतला एकेक ठिपका १० मीटरचा, त्यात नखाएवढं पान कसं दिसणार? तिथे पायच लागतात. आणि एकदा जाऊन पण भागत नाही, गवत ऋतूप्रमाणे कमीजास्त होतं, मे महिन्यात दिसलं म्हणून ऑक्टोबरमध्ये दिसेलच असं नाही, आणि ऑक्टोबरमध्ये दिसलं नाही म्हणून ते मेलं असंही नाही.

मुंबईत काय नाही सांगा. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं केंद्र आहे, वनखात्याचा कांदळवन कक्ष आहे, शेकडो कॉलेजं आहेत. मरीन लाइफ ऑफ मुंबईची मंडळी २०१७ पासून ओहोटीला लोकांना किनाऱ्यावर नेऊन जीवजंतू दाखवतात, नोंदी करतात, माझी मुलं त्यातूनच तयार झाली. माझी मागणी एवढीच आहे की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाड्यांमध्ये हे गवत कुठे आहे याचा नकाशा करा, वर्षातून निदान दोनदा मोजा, आकडे सगळ्यांना बघता येतील असे ठेवा, आणि खाडीत जाणाऱ्या माणसाला त्याच्या दिवसाची मजुरी देऊन बरोबर घ्या. तोपर्यंत त्या चिखलात कुणीही काहीही लावू नये.

आणि तुमच्याकडे एक विनंती. लागवडीची बातमी छापता तेव्हा त्याच संस्थेने मागच्या वर्षी लावलेल्यातली किती जगली, हे बातमीदाराने विचारावं आणि ते पण छापावं. उत्तर मिळालं नाही तर मिळालं नाही असं छापावं.

येत्या मे महिन्यात मी आठ मुलांना घेऊन मामाच्या गावी जातेय, चौकटी तयार आहेत, टेप दोन आहेत, तिसरी घ्यायचीय. तुमचा बातमीदार यायला तयार असेल तर अमावास्येच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोचावं, ओहोटी पहाटे लागते. चिखल गुडघ्यापर्यंत आहे, चपला राहत नाहीत, जुने कापडी बूट आणावेत, आणि गवतावर पाय पडू नये म्हणून मामा पुढे चालेल त्याच्याच पावलांवरून यायचं.

आपली,
एक शिक्षिका, दहिसर