आजार कुणाला होतो हे शोधणाऱ्यांचीही बातमी छापा

मा. संपादक, स.न.वि.वि.

नवीन औषध आलं की पेपरात मोठी बातमी येते, पण संधिवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस), क्रोन्स (आतड्यांचा आजार), सोरायसिस (त्वचेचा आजार) असले वर्षानुवर्षं धुमसणारे आजार मुळात कुणाला आणि का होतात हे शोधण्यात अख्खं करिअर घालणाऱ्या एपिडेमिऑलॉजिस्टबद्दल दोन ओळी पण नसतात, याचं खरंच वाईट वाटतं. अमेरिकेत १९७६ साली लाखाच्या वर नर्सना प्रश्नावली पाठवून अभ्यास सुरू झाला, मग दर दोन वर्षांनी पुन्हा विचारायचं, सिगारेट ओढता का, वजन किती, कुठला आजार निघाला का, आणि निघाला असेल तर तो खराच आहे ना हे डॉक्टरांच्या कागदांवरून तपासायचं, केवढी चिकाटी लागते याला! सिगारेटने संधिवाताचा धोका वाढतो हे अशाच कामांतून पक्कं झालं. स्वीडन, नेदरलँड्समध्ये तर लोकांनी पूर्वी दिलेलं, फ्रीझरमध्ये जपलेलं रक्त तपासलं तेव्हा कळलं की संधिवाताच्या बऱ्याच पेशंटच्या रक्तात सांधे दुखायच्या कित्येक वर्षं आधीच स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या अँटिबॉडीज असतात. अशा कामाला दोन-तीन वर्षांची ग्रँट देऊन काय होणार? पैसा लांब मुदतीचाच हवा, आणि तुमच्या आरोग्य पुरवणीत या लोकांना जागा द्या ही कळकळीची विनंती.

– एक नियमित वाचक