मास्तर, तुम्ही बाजू विचारलीत

मास्तर, साष्टांग नमस्कार.

आईला जाऊन वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो हवा म्हणून तुमच्याआधी एका स्टुडिओत गेलो होतो. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून त्यांनी आईला गोरी केली, हनुवटीवरचं गोंदण पुसलं आणि वर ऐकवलं, "डाग काढलेत, त्याचे वेगळे पैसे नाहीत." येळ्ळूरच्या शिवारात बासमतीची रोपं लावता लावता जन्म गेला तिचा, आणि हे म्हणे डाग! भांडायचंही त्राण नव्हतं. फोटो कागदात गुंडाळला नि कपाटावर टाकला.

मग आईचं चित्र काढून घ्यायला तुमच्याकडं आलो. तुम्ही तर फोटो हातातच घेतला नाहीत. विचारलंत, "अव्वा भाकरी करताना तुम्ही कुठल्या बाजूला बसत होता?"

डाव्या. उत्तर पटकन आलं, पण त्यानंतर बराच वेळ तोंडातून शब्द फुटेना. आई गेल्यावर लोकांनी वय विचारलं, आजार विचारला, शेत कुणाच्या नावावर हेही विचारलं. हे कुणी विचारलं नव्हतं. माझं आवरेपर्यंत तुम्ही पेन्सिल खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसलात.

चित्रातली आई डावीकडूनच दिसते. परातीवर वाकलेली मान, कमरेला खोचलेला इरकलचा पदर, हनुवटीवर तीन हिरवे ठिपके. लुगडं कुठल्या का रंगाचं असेना, इरकलचा पदर तांबडा-पांढराच, हे मला सांगावं लागलं नाही. चित्रकार के. बी. कुलकर्णींचं बेळगाव हे, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. इथं चांगल्या हाताची वाण नाही. पण ब्रश उचलायच्या आधी समोरच्याचं ऐकून घेणारा माणूस मला तुमच्याकडंच भेटला. पाटीवर कन्नड वर की मराठी, यावरून आपल्याकडं डोकी फुटतात. मीही त्या गर्दीत उभा राहिलोय, खोटं कशाला बोलू. तुमची मराठी मोडकी, माझं कन्नड त्याहून मोडकं. पण त्या दुपारी आपलं काही अडलं नाही.

चित्र सोप्यात नाही लावलं, स्वयंपाकघरात लावलंय. धाकटी विचारते, "आजी आपल्याकडं का बघत नाही?" म्हटलं, तव्यावर भाकरी आहे, करपेल.

सुगी झाली की घरचा बासमती घेऊन येतो. नको म्हणू नका.

तुमचा,
येळ्ळूरचा