सरांच्या शर्टावरची तोफ

प्रिय बंड्या,

किती महिने पत्र नाही, त्याबद्दल शिव्या द्यायच्या त्या दे, पण हे वाचून झाल्यावर दे. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे. एक घोळ झालाय आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. बाकी सगळे ऐकून घेतात आणि म्हणतात, "अरे, बॅजच तर आहे."

सरांच्या निरोपाचा शर्ट आला. आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा, 1997-98 चा, लाल अंग, पांढऱ्या बाह्या, छातीवर प्रायोजकाचं नाव जेव्हीसी. त्या काळातला मूळ नव्हे, नव्यानं केलेली नक्कल. ते आपल्याला ठाऊकच होतं. दिल्यानं मागवला, दिल्यानंच उघडला आणि दिल्यानंच झकास म्हणून जाहीर केलं. कापड खरंच बरं आहे, शिवणी सरळ आहेत, जेव्हीसीची अक्षरं नीट बसलीत. घात केलाय बॅजनं.

आर्सेनलच्या बॅजवर तोफ असते. आपल्या तोफेचं तोंड बघणाऱ्याच्या डावीकडे आहे, एवढं तरी बरोबर. ती उजवीकडे वळली 2002 च्या नव्या बॅजवर. दिल्यानं पहिल्यांदा जो फोटो पाठवला होता, त्यात 1998 च्या शर्टावर 2002 ची तोफ होती. सांगितलं तर म्हणतो, "तोंड कुठं का असेना, गोळा सुटल्याशी कारण!" अशा माणसाच्या हाती आपण वर्गणी दिली.

आता मुख्य दुखणं. तोफेखाली फीत आहे आणि फितीवर ते लॅटिन ब्रीद, व्हिक्टोरिया कॉन्कॉर्डिया क्रेसित, म्हणजे एकोप्यानं विजय वाढतो. लॅटिनमध्ये चोवीस अक्षरं होतात. बॅज सात सेंमी रुंद, फितीची वळणदार लांबी जेमतेम सहा. शब्दांमधल्या दोन मोकळ्या जागा धरून हिशेब कर: एका अक्षराच्या वाट्याला सव्वादोन-अडीच मिलिमीटर. भरतकामाच्या मशीनवर नेहमी असतो तो 40 नंबरचा दोरा. तो कापडावर पडला की त्याचीच जाडी 0.4 मिलिमीटरच्या आसपास भरते. सॅटिन टाक्यानं, म्हणजे शेजारी शेजारी दाट घातलेल्या आडव्या टाक्यांनी, अक्षराची एक दांडी काढायची तर ती किमान एक मिलिमीटर रुंद लागते. मग 'आर'च्या पोटातलं भोक कुठून उरणार? 40 च्या दोऱ्यानं अक्षर पाच मिलिमीटर उंच असेल तर स्वच्छ येतं. 60 चा बारीक दोरा आणि 65 ची सुई लावली, मशीन हळू चालवलं, तर साडेतीन-चारपर्यंत खाली जाता येतं. त्याखाली भरतकामाचा नाद सोडायचा आणि विणलेला बॅज घ्यायचा. तिथं अक्षर टाक्यांनी भरलेलं नसतं, कापडाच्या विणीतच आलेलं असतं, त्यामुळं दोन मिलिमीटरचंही वाचता येतं. आपल्या शर्टावर ते चोवीसच्या चोवीस 40 च्या दोऱ्यानं ठोकलेत. फितीवर मुंग्यांची रांग चालल्यासारखं दिसतं. सर चष्मा लावून आधी तेच वाचायला जाणार, हे मी तुला लिहून देतो.

तुझ्या त्या इटलीच्या युव्हेंटस क्लबचं बरं आहे रे. 2017 पासून नुसता जे, दोन जाड रेघा, मशीनला घाम फुटत नाही. आणि हो, 2012-13 च्या शर्टावर बॅजखाली '30 सुल काम्पो', म्हणजे मैदानावर जिंकलेली तीस विजेतेपदं, असं लिहिलं होतं, तो वाद मी उकरून काढत नाहीये. तुला तीस मोजायची तर मोज. टाके मात्र नीट आले होते, ते मी तेव्हाही कबूल केलं होतं.

दुसरं दुखणं सुरकुत्यांचं. शर्ट टेबलावर पसरला की बॅजभोवती कापड गोळा झालेलं दिसतं, खालच्या टोकाशी जास्त. दिल्या म्हणतो इस्त्रीनं जाईल. नाही जाणार. टाका कापडाला आपल्या दिशेनं ओढतो, जर्सीचं विणलेलं कापड ताणलं जातं, आणि मागं धरून ठेवणारं अस्तर कच्चं असेल तर ते ओढलेलंच राहतं. बरेचदा फ्रेममध्ये लावतानाच कापड ढोलासारखं ताणतात. फ्रेम काढली की कापड आपल्या मापाला परत येतं, टाके येत नाहीत, मधे चुण्या पडतात. फ्रेममध्ये ताणायचं ते अस्तर. कापड त्यावर नुसतं चिकटवून ठेवायचं. आणि जर्सीच्या कापडाला अस्तर कापून काढायच्या जातीचं लागतं, जे टाक्यांमागं कायम राहतं. फाडून काढायचं कागदी अस्तर ताठ, न ताणणाऱ्या कापडासाठी. आपल्यावाल्याला कागदीच लावलंय आणि तेही फाडून टाकलंय. कडेला त्याचे तुकडे अजून अडकलेत.

शर्ट उलटा करून बघितला. बॅजचं खरं-खोटं मागच्या बाजूला कळतं, समोरून फोटोत सगळेच गोजिरे दिसतात. सॅटिनच्या पट्टीच्या मागं मधोमध बॉबिनचा, म्हणजे मशीनच्या खालच्या रिळाचा, पांढरा दोरा साधारण एक तृतीयांश रुंदीत दिसला की ताण बरोबर. इथं मागं पांढरा जवळजवळ दिसतच नाही, सगळा वरचाच रंग खाली आलाय, म्हणजे वरचा दोरा ढिला. म्हणूनच ढालीच्या कडेला फासे सुटलेत. पहिल्याच धुलाईत कुठल्या तरी झिपला अडकतील. एका रंगाकडून दुसऱ्याकडे जाताना ओढलेले दोरे कापलेलेच नाहीत, अक्षरांवरून आडवे गेलेत. पांढऱ्या भागातून खालचा लाल डोकावतो. टाक्यांच्या ओळींमधलं अंतर 0.4 मिलिमीटरच्या आसपास हवं, इथं नक्की जास्त आहे. शिवाय खाली पायाचे टाके घातलेलेच दिसत नाहीत. आधी कडेनं एक धावदोरा आणि त्यावर विरळ झिगझॅग घातला असता तर वरचा थर उभा राहिला असता आणि लाल झाकला गेला असता. तेवढा दोरा आणि तेवढा वेळ वाचवलाय. ढालीची काळी कड आणि आतला भराव यांच्यात उजवीकडे फट आहे, तीही त्याच कंजुषीतली: भराव टाक्याच्या दिशेनं आत ओढला जातो, म्हणून आराखड्यात तो कडेखाली थोडा जास्त सरकवून ठेवावा लागतो. ठेवला नाही की फट.

आता तू म्हणशील, "मी तेव्हाच म्हणत होतो." नाही, तू उलटं म्हणत होतास! शिवलेला तो अस्सल आणि चिकटवलेला तो नकली, हे तुझं पालुपद. आदिदास घे नाहीतर नायकी घे: खेळाडूंच्या दर्जाचा महागडा शर्ट असतो त्यावर बॅज उष्णतेनं चिकटवलेला असतो, आणि चाहत्यांच्या स्वस्त शर्टावर सहसा भरतकामाचा किंवा शिवलेला. कारण साधं आहे, चिकटवलेला हलका, घाम धरत नाही आणि आतून छातीला टोचत नाही. टिकायचं म्हणशील तर स्वस्त शर्टावरचाच जास्त टिकतो. चिकटवलेल्याचं मरण ठरलेलं. कापड ताणतं, बॅज तेवढा ताणत नाही, म्हणून आधी टोकं सुटतात. कोपरे गोल करतात, मधे बारीक चिरा ठेवतात ते त्यासाठीच. पॉलियुरेथेनच्या काही जातींना हवेतला ओलावाही खातो, वर्षांनी चिकट होतात किंवा भेगाळतात, शर्ट कपाटात नुसता घडी घालून ठेवला तरी. तेव्हा शिवलेला की चिकटवलेला यावरून अस्सलपणा ठरत नाही. आपला हा शिवलेलाच आहे, बघ काय दिवे लावलेत.

तर करायचं काय? दिल्याचा तोडगा: वरून इस्त्रीचा बॅज चिकटवून टाकू. मी मोडीत काढला. एक तर असल्या बॅजमागचा गोंद सपाट कापडात शिरून धरतो. खाली टाक्यांचा उंचवटा असला की टोकांना धरतो आणि मधे पोकळ राहतो. दुसरं, त्याला 130 ते 150 अंश आणि दहा-पंधरा सेकंद दाब लागतो. लाल पॉलिस्टरचा रंग तापला की वाफ होऊन वरच्या पांढऱ्यात चढतो. आज पांढरा दिसेल, काही दिवसांनी गुलाबी. मधे रंग अडवणारा थर असलेले बॅज मिळतात, पण घरच्या इस्त्रीला अंशांचा भरवसा नाही, आणि शेजारीच जेव्हीसीची छपाई आहे. तिच्यावर इस्त्रीची कड गेली की सरांना बॅज आणि छपाई दोन्हींची क्षमा मागावी लागेल.

उसवायचं म्हटलं तर एरवी रस्ता ठरलेला आहे: मागून बॉबिनचे दोरे थोडे थोडे कापत जायचं आणि समोरून वरचे ओढून काढायचे. पण त्यात पात्याच्या आणि कापडाच्या मधे अस्तर असतं म्हणून कापड वाचतं. इथं अस्तरच फाडून टाकलंय. जर्सीचा एक धागा कापला गेला की भोक पडून ते वाढत जातं. शिवाय सुईची भोकं राहतात ती राहतातच. म्हणून उसवायचं नाही, झाकायचं, आणि तेही शिवून.

इथं तू येतोस. संघाचे बॅज तूच शिवायचास आणि मशीन अजून आहे असं वहिनी म्हणाल्या. मी विणलेला बॅज मागवलाय, साडेसात सेंमी रुंद, म्हणजे जुन्याच्या सगळ्या बाजूंनी दोन-अडीच मिलिमीटर बाहेर येईल. ब्रीदाचं अक्षर न् अक्षर वाचता येतं, फोटो मोठा करून तपासलंय. कड दोऱ्यानं गुंफलेली आहे, तापवून कापलेली नाही. तशी कापलेली कड इतक्या उंचवट्यावर वर वळते.

तुला येतं हे मला माहीत आहे, तरी सांगतो, कारण तू टाका आवळतोस. आवळतोसच. संघाचे अर्धे शर्ट छातीवर आक्रसले होते ते धुलाईनं नव्हे. आधी मागून लोंबणारे दोरे कापून टाक, फासे कापू नकोस, सुईनं मागं ओढून घे. आतल्या बाजूला मऊ, कायम राहणारं अस्तर लाव, बॅजपेक्षा सगळीकडून सेंटिमीटरभर मोठं. ते आणि बॅज दोन्ही कच्च्या टाक्यानं धरून ठेव, टाचण्या नकोत. जागा जुन्या बॅजवरून ठरवू नको, तो जरा तिरका आहे. कॉलर खांद्याला मिळते तिथून मोजून घे आणि ढालीचं वरचं काठ जेव्हीसीच्या ओळीला समांतर ठेव. सुई गोल टोकाची, 75 नंबर. टोकदार सुई जर्सीचा धागा तोडते. दोरा पॉलिस्टर, कडेच्या रंगाचा. गुंफलेल्या कडेच्या आतल्या खाचेतून सरळ टाका घाल, लांबी अडीच मिलिमीटर, कापडावर टेकणाऱ्या मशीनच्या पायाचा दाब कमी कर, कापड पुढून-मागून ओढू नको, मशीनला आपणहून नेऊ दे. सुरुवात ढालीच्या खालच्या टोकापासून कर आणि सेंटिमीटरभर टाक्यावर टाका घेऊन संपव. उलट-सुलट मशीन मारून गाठ घट्ट करायची सवय इथं नको, तिथं कापड गोळा होतं. दोऱ्याची टोकं आत ओढून हातानं गाठ मार. मधला उंचवटा टोचतोय वाटलं तर आतून मऊ जाळीचं झाकण कडेनं हातानं टाचून दे. ते चिकटवायचं मिळतं, पण पुन्हा इस्त्री आली, म्हणून नको.

बाकी तुझं काय? मुलीच्या निकालाबद्दल कळलं, मनापासून अभिनंदन, तिला माझ्याकडून काहीतरी येतंय. घराचं काम संपलं की नाही? तुझ्या बदलीचं मी फोनवर नीट विचारेन, पत्रात ते मावायचं नाही. वहिनींना नमस्कार, आणि मशीन मी मागितलं म्हणून त्यांना सांग, तू मागितलंस असं नको. तुला देणार नाहीत.

शर्ट आणि बॅज एकत्रच पाठवतोय. निरोपाच्या आदल्या आठवड्यात मिळायला हवा. जमणार नसेल तर लगेच कळव, म्हणजे मी हातानं शिवायला बसेन, आणि ते कुणालाच परवडणार नाही.

तुझा,
बाप्या

ता. क. सरांच्या घरी कोण धुणार माहीत नाही, म्हणून घडीत एक चिठ्ठी घालतोय: शर्ट उलटा करून, 30 अंशांच्या पाण्यात, फॅब्रिक सॉफ्टनर नाही, ड्रायर नाही, बॅज आणि छपाईवर इस्त्री नाही. दिल्याला ही चिठ्ठी बॅजच्या पाठीला स्टेपल करायची होती. त्याच्या हातातून स्टेपलर काढून घेतलाय.