नोंदी आपल्या शब्दांत हव्यात

जुन्या मुंबईच्या छायाचित्रांच्या एका डिजिटल संग्रहात मी परवा ‘कोळीण’ शोधली. काहीच सापडले नाही. शेवटी ‘नेटिव्ह फिशरवुमन’ या मथळ्याखाली ती दिसली. डोक्यावर पाटी, गुडघ्यापर्यंतचे लुगडे. नाव नाही, गाव नाही. साहेबाने चिकटवलेली चिठ्ठी आपण जशीच्या तशी संगणकावर चढवतो आहोत. १८७१ च्या कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमाती १९५२ मध्ये विमुक्त झाल्या, पण जुन्या सूचींबरोबर तो शिक्काही पुढे येतो. मूळ मथळा पुरावा म्हणून जरूर ठेवा. शेजारी मराठी नोंद हवीच. मोडी कागदही नुसते स्कॅन करून भागत नाही, लिप्यंतर हवे. ही छायाचित्रे वरळी, माहीमच्या कोळीवाड्यांत न्या. दागिन्यांवरून माणसे ओळखणाऱ्या आज्या तिथे अजून आहेत.

— एक वाचक, माहीम, मुंबई