कॉर्न स्नेक खात नाही? आधी टँक बघ

सातारा,
१४ जानेवारी

प्रिय सुहास,

तिळगूळ घे आणि गोड बोल, त्या सापाशीसुद्धा. तुझं पत्र वाचून वाटतं, त्याने तुझ्याविरुद्ध उपोषणच धरलंय. वय सात महिने, वजन ३८ ग्रॅम, १८ दिवसांत तीनदा उंदीर नाकारला. एवढ्यावर हातपाय गाळू नकोस. या वयाचा धडधाकट कॉर्न स्नेक महिनाभर न खाता सहज राहतो, मोठा तर दोन-तीन महिने. मला काळजी वाटली ती तू जाता जाता लिहिलेल्या चार वाक्यांची. डिसेंबरात त्याला छोट्या डब्यातून तीन फुटी काचेच्या टँकमध्ये हलवलंस. टँकखालच्या हीट मॅटला (विजेवर तापणाऱ्या चटईला) थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला ती बंद करणारं उपकरण, नाही. रोज संध्याकाळी पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढतोस. आणि नाही खाल्लं की दुसऱ्या दिवशी पुन्हा उंदीर पुढे धरतोस. यातलं एकेक कारण खाणं बंद पाडायला पुरेसं आहे, तुझ्याकडे चारही आहेत. उंदराचं नंतर बघू.

सुरुवात उबेपासून कर. हा साप अमेरिकेच्या आग्नेय भागातला, मक्याच्या कोठारांत उंदरांमागे जाणारा. थंडी पडली की खाणं कमी करून बिळात पडून राहायचं, हे त्याच्या रक्तातच आहे. त्याचं पोट बाहेरच्या उबेवर चालतं. ऊब कमी पडली तर गिळलेला उंदीर पचण्याआधी आत सडतो आणि साप तो उलटून टाकतो. त्यापेक्षा खायचंच नाही, असं त्याचं शरीर ठरवतं. तुमच्या सांगलीत आत्ता पहाटे घरातसुद्धा चांगला गारठा असणार. काचेचा टँक आणि वर जाळीचं झाकण, म्हणजे ऊब राहणार कशी? तुझ्या टँकवरचं चिकटवायचं गोल थर्मामीटर २५ दाखवतंय, पण ते काचेजवळच्या हवेचं. साप जिथे पोट टेकतो तिथलं तापमान मोजायला हवं.

वायरवाला डिजिटल थर्मामीटर आण आणि त्याचं टोक मॅटच्या बरोबर वर, जमिनीला टेकवून ठेव. लोखंडी कामात वापरतात ती इन्फ्रारेड गन असेल तर उत्तम. ताप बघायची कपाळावरची गन मात्र नको, ती ३२ अंशांच्या खालचं नीट दाखवतच नाही. उबदार बाजूला जमीन २९ ते ३१ अंश हवी, थंड बाजूला २३ ते २५, आणि रात्री कुठेच २० च्या खाली जाऊ नये. मॅट टँकच्या साधारण एक तृतीयांश भागाखालीच, एका टोकाला. थर्मोस्टॅटशिवाय ती एक दिवसही चालवू नकोस. साप तापलेल्या जागेवरून पटकन उठत नाही, पोट भाजून घेतो. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) टेपने पक्का चिकटव, कारण साप तो सरकवतो, आणि सरकलेला प्रोब थंड कोपऱ्यात गेला की मॅट तापतच राहते.

आणखी एक. तू कोकोपीट चार बोटं जाड भरलंयस. तेवढ्या थरातून ऊब वर येतच नाही. वर गार आणि खाली तवा. मॅटच्या भागात एक-दीड सेंटिमीटरच ठेव. बाहेरून तीन बाजूंना थर्माकोल लाव (मॅटच्या खाली दाबून नको, तिथे उष्णता कोंडते), आणि जाळीचा दोन तृतीयांश भाग अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याने झाक. लाईट गेली तर बाटलीत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून, काचेला बाहेरून टेकवून ठेवायची. आत नाही.

आता जागा. तुझा साप करंगळीएवढा जाड आणि त्याला दिलंयस तीन फुटांचं मैदान. सगळीकडून पारदर्शक काच, लपायला एक मोठी प्लॅस्टिकची गुहा. उघड्यावर बसलेला साप खात नाही. तोंडात उंदीर असताना त्याला चावताही येत नाही आणि पळताही येत नाही, म्हणून आडोसा असल्याशिवाय साप हा धोका पत्करतच नाही. जुना डबा अजून असेल तर सरळ त्यात परत ठेव. नसेल तर टँकच्या तीन काचा बाहेरून खाकी कागदाने झाक आणि दोन घट्ट हाईड (लपायच्या जागा) दे, एक गरम बाजूला, एक गार बाजूला. करवंटी याला फार छान. अर्धी करवंटी घे, आतून-बाहेरून तासून काढ, कडेला दोन सेंटिमीटरचं दार पाड, कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत कर आणि पालथी घाल. आत वेटोळं घातल्यावर त्याची पाठ छताला आणि कुशी भिंतींना लागल्या पाहिजेत. आपल्याला ते कोंडल्यासारखं वाटतं, त्याला तेच हवं असतं. मध्ये सुकी पानं, कागदाच्या नळ्या टाकून गर्दी कर.

हे सगळं झालं की सात दिवस हात लावायचा नाही. पाणी बदल, विष्ठा काढ, बस. पाहुण्यांना सांग साप गावाला गेलाय. त्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विड, धूप काहीच नको.

त्या आठवड्यात डोळ्यांकडे लक्ष ठेव. डोळे दुधाळ निळसर झाले आणि पोटाखाली गुलाबी झाक आली, तर तो कातीवर आलाय. मग बहुतेक साप खात नाहीत, खायला घालूही नये. चार-पाच दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत कात पडते. या दिवसांत तुमच्याकडे हवा कोरडी असते, म्हणून छोट्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओला, नीट पिळलेला टिश्यू घालून तोही आत ठेव. कात एकसंध निघाली का, डोळ्यांवरचे दोन पापुद्रे आणि शेपटीचं टोक कातीसोबत आलं का, हे उजेडात धरून बघ. कात टाकल्यावर पोटात आग पडलेली असते. नकार देणारा साप बऱ्याचदा त्याच वेळी खातो.

आता उंदीर. ३८ ग्रॅमच्या सापाला वजनाच्या दहा ते पंधरा टक्के, म्हणजे चार ते साडेपाच ग्रॅमचं भक्ष्य पुरे. तू नऊ ग्रॅमचा हॉपर (उड्या मारायला लागलेलं उंदराचं पिल्लू) देत होतास! भूक असली तरी एवढा मोठा घास बघून लहान साप मागे सरतो. आणि अठरा दिवस रिकाम्या पोटाने काढल्यावर पहिला घास नेहमीपेक्षाही लहान हवा, दोन-तीन ग्रॅमची पिंकी, म्हणजे उंदराचं बिनकेसांचं नवजात पिल्लू. ती पचून विष्ठा झाली की पुढच्या आठवड्यात फझीवर, म्हणजे लव फुटलेल्या पिल्लावर, ये.

गोठवलेली पिंकी आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून झिपच्या पिशवीत फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेव. काकूंचा विचार करून एक वेगळा, घट्ट झाकणाचा, वर नाव लिहिलेला डबा कर. घरात शांतता राहील. दुसऱ्या दिवशी रात्री नऊनंतर ती पिशवीसकट गरम पाण्यात बुडव, हात आत सहन होईल इतकं गरम, साधारण ४० ते ४५ अंश. दहा मिनिटांनी पाणी बदल. मायक्रोवेव्ह कधीच नाही, आणि उकळतं पाणीही नाही; पोट फुटतं आणि बाहेर शिजलं तरी आत बर्फ राहतो. बोटाने पोट दाब, मध्ये कडक गाठ लागली तर अजून वेळ आहे. बाहेरून ३७-३८ अंश झालं की टिश्यूने कोरडी कर. ओल्या पिंकीला कोकोपीट चिकटतं आणि ते सापाच्या तोंडात जातं.

दिवा बंद, बाहेरचा अंधुक उजेड पुरे. फूटभर लांबीच्या चिमट्याने पिंकी कमरेत धर, डोकं सापाकडे. वरून आणू नकोस, वरून येतो तो ससाणा. बाजूने, जमिनीलगत, नाकापासून चार बोटांवर आण आणि किंचित थरथरव. मग जीभ बघ. लांब, सावकाश, पुन्हा पुन्हा बाहेर येणारी जीभ म्हणजे वास घेतोय. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे ओढली आणि नजर पिंकीवर खिळली, तर हात स्थिर ठेव, झडप येते. डोकं वळवून वेटोळ्यात खुपसलं किंवा शेपटी फडफडवली तर भीती, तिथेच थांब. दोन-तीन मिनिटांच्या वर नाचवायचं नाही. मग पिंकी छोट्या झाकणात घालून करवंटीच्या दाराशी ठेव, खोलीचं दार लाव आणि झोपायला जा. पडद्याआडून डोकावूही नकोस. बरेच हट्टी साप याच पद्धतीने, पहाटे, कोणी बघत नसताना खातात. सकाळी उरली तर काढून जमिनीत पूर. पुन्हा गोठवायची नाही.

खाल्लं तर ४८ तास हात लावू नकोस. नाही खाल्लं तर पुढचा प्रयत्न सहा-सात दिवसांनी. तुझी खरी चूक मला इथेच दिसते. रोज पुढे धरलेला उंदीर म्हणजे सापाच्या दृष्टीने रोज दारात येऊन उभा राहणारा आगंतुक. हळूहळू तो त्या वासालाच घाबरायला शिकतो.

दोन आठवड्यांनीही नकारच असेल तर युक्त्या आहेत, पण एका वेळी एकच. पहिली, पिंकी बिनवासाच्या साबणाने धुऊन भरपूर पाण्यात खंगाळायची. उंदरांच्या पिंजऱ्याचा वास जातो. दुसरी ऐकायला ओंगळ पण सगळ्यात गुणकारी: सुई किंवा ब्लेडच्या टोकाने पिंकीच्या कवटीला बारीक छेद देऊन आतला द्रव नाकावर आणायचा. तिसरी, मीठ-हळद न घातलेल्या चिकनच्या पाण्यात बुडवून द्यायची. चौथी, झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या अर्ध्या लिटरच्या डब्यात कोरडा टिश्यू, साप आणि पिंकी एकत्र ठेवून तो डबा रात्रभर टँकच्या उबदार भागात ठेवायचा. डब्यातसुद्धा २७-२८ अंशच हवेत. अमेरिकेत रानातली पिल्लं छोट्या सरड्यांवर आणि बेडकांवर वाढतात, म्हणून तिथले लोक सरड्याचा वास लावतात. आपल्या भिंतीवरच्या पालीच्या पोटात कृमी असतात, त्यामुळे मी त्या वाटेला जायला सांगणार नाही. घरात पकडलेला उंदीर तर नकोच. त्याने शेजारच्या घरी कुठलं औषध खाल्लंय कोणाला ठाऊक. जिवंत मोठा उंदीर आत सोडून जाऊ नकोस, न खाणाऱ्या सापाला तोच कुरतडतो. चिकनचे तुकडेही नकोत. हाडं आणि अवयवांसकट अख्खं जनावर पोटात गेलं तरच कॅल्शियम मिळतं.

तोंड उघडून कोंबायचा विचारसुद्धा करू नकोस. ते जिवावर बेतलेल्या पिल्लासाठी असतं आणि जाणकाराच्या हातून. घाईत जबडा किंवा अन्ननलिका दुखावली की जो साप उद्या आपण होऊन खाणार होता तोही जातो.

काकू दूध द्यायचं म्हणताहेत, त्यांचं माहेर बत्तीस शिराळ्याचं, तेव्हा ते ओघानेच आलं. त्यांना माझ्याकडून सांग की तहानेने कासावीस झालेला साप पुढ्यात येईल ते पितो, म्हणून दूधही पितो. पण ते त्याला पचत नाही. स्वच्छ पाण्याची वाटी, रोज बदललेली, हाच त्याचा नैवेद्य.

सोनारी पद्धतीचा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घे. दर रविवारी, खायला घालण्याआधी, झाकणाच्या डब्यात ठेवून वजन कर आणि वहीत लिही. ३४ ग्रॅमपर्यंत मी स्वस्थ बसेन. त्याखाली गेलं, कण्यावरची कातडी दोन्हीकडून खचून पाठ कौलासारखी दिसायला लागली, तोंड उघडून श्वास, नाकाशी बुडबुडे, हिरड्यांवर पिवळट दह्यासारखं काही, अंगाच्या मध्यावर गाठ, किंवा खाल्लेलं उलटून पडलं, तर डॉक्टर. डोळ्यांच्या कडेला किंवा पाण्याच्या वाटीत मोहरीहून बारीक काळे ठिपके फिरताना दिसले तर ते माइट्स (सापाचं रक्त पिणारे बारीक किडे), त्यांच्यासाठीही डॉक्टरच. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात फोन करून साप बघणारं कोणी आहे का विचार. नसेल तर पुण्यात एक्झॉटिक (सापांसारखे वेगळे पाळीव) प्राणी बघणारे शोधावे लागतील. जाताना त्याच दिवशीची विष्ठा छोट्या डबीत घे, कृमींची तपासणी त्यावरच होते. नुसतं उलटलं असेल आणि बाकी ठीक असेल, तर डॉक्टरांशी बोलून दहा ते चौदा दिवस पोटाला पूर्ण विश्रांती, मग नेहमीच्या निम्मा घास.

पुढच्या वर्षा-दोन वर्षांनी, तो नर निघाला तर, उन्हाळा लागताना पुन्हा खाणं सोडेल आणि रात्रभर काचेला नाक घासत फिरेल. तेव्हा पत्र पाठवू नकोस, त्याला मादी हवी असते.

येत्या रविवारी मला तीन आकडे कळव: मॅटवरचं तापमान, पहाटे पाच वाजताचं थंड बाजूचं तापमान आणि वजन. पिंकी त्याच्या पुढच्या आठवड्यात.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश

ता. क. टँकच्या झाकणाला दोन्ही टोकांना क्लिप आहेत ना? भुकेला साप करंगळीएवढ्या फटीतून निघतो, आणि हा परदेशी साप कृष्णाकाठी मोकळा सुटायला नको.